केळीच्या खोक्यातली जांभळी पुडी

खानदेशातल्या रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातली केळी बागेतून निघते तेव्हा हिरवीगार आणि टणक असते. दिल्लीच्या बाजारात ती पोहोचायला काही दिवस लागतात. आखाती देशांत जाणाऱ्या मालाला तर आधी न्हावा-शेवा बंदर गाठायचे आणि मग समुद्र ओलांडायचा. तोवर ती हिरवी राहिली तरच तिला माल म्हणायचे. वाटेत पिवळी पडली तर पोहोचेपर्यंत काळी पडणार आणि वाहतुकीचा खर्चसुद्धा अंगावर येणार. दुसरीकडे, घरी आणलेल्या डझनभर केळ्यांतले एक पिकले की बाकीची त्याच्या पाठोपाठ झपाट्याने पिकतात, हा अनुभव घरोघरचा आहे. मग एका खोक्यात तेरा-तेरा किलो केळी कोंबून, वर प्लास्टिकची पिशवी बांधून पाठवली तरी ती हिरवी कशी राहतात? उत्तराचा मोठा भाग थंडी हा आहे. पण अशा खोक्यांत फण्यांच्या कडेला अनेकदा एक छोटी पांढरी पुडीही असते आणि तिच्यात जांभळे दाणे असतात. ते जांभळेपण पोटॅशियम परमँगनेटचे असते. विहिरीत टाकल्यावर पाणी गुलाबी करणारे आणि शाळेच्या प्रयोगशाळेत बोटांवर तपकिरी डाग पाडणारे तेच.

पुडी विकणारा सांगतो की ती केळी ताजी ठेवते. खोके उघडणारा विचारतो, फळात हे कसले रसायन घातले? दोघांनीही एकच गोष्ट गृहीत धरली आहे : पुडी केळ्यावर काहीतरी करते. वास्तविक पुडी केळ्याला हातही लावत नाही. ती काम करते ते केळ्याभोवतीच्या हवेवर. परमँगनेट हे विलक्षण जोरकस रसायन आहे, पण त्याला निवड करता येत नाही; जे समोर येईल त्याच्यावर ते तुटून पडते. म्हणून त्याचा उपयोग होणार की नासधूस, हे त्याच्या ताकदीवर ठरत नाही. त्याच्यासमोर काय येऊ द्यायचे, यावर ठरते. केळीच्या खोक्यात ही निवड एक कागद करतो. विहिरीत आणि जखमेत ती कुणीच करत नाही, आणि दीडशे वर्षांत परमँगनेटला जिथे जिथे अपयश आले त्यातल्या बऱ्याच ठिकाणी कारण हेच होते.

एक पिकले की बाकीची का पिकतात

घड कापला तरी केळे मेलेले नसते. ते श्वास घेत असते, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वापरून साठवलेले पिष्ट हळूहळू जाळत असते. हिरव्या केळ्याच्या गरात साधारण पाचवा हिस्सा पिष्ट असते. पिकताना जवळजवळ सगळ्या पिष्टाची साखर होते, सालीतले हरितद्रव्य मोडते, आधीपासूनच असलेला पिवळा रंग उघडा पडतो आणि गर मऊ होतो. ही सगळी कामे एकाच वेळी सुरू होतात, कारण त्यांना सुरुवातीचा इशारा एकाच पदार्थाकडून मिळतो. तो पदार्थ म्हणजे इथिलीन वायू. दोन कार्बन आणि चार हायड्रोजन, एवढीच त्याची घडण.

वनस्पतींवरचा इथिलीनचा प्रभाव कळला तो फळांमुळे नाही. १९०१ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री नेल्युबोव्ह यांनी दाखवले की, दिवाबत्तीच्या वायूने वाटाण्याची रोपे वेडीवाकडी वाढतात त्याला त्या वायूतले इथिलीन जबाबदार आहे. फळे स्वतःच इथिलीन बनवतात हे सिद्ध व्हायला १९३४ उजाडले. ते काम इंग्लंडमध्ये आर. गेन यांनी सफरचंदांवर केले. व्यवहारात मात्र माणसे ही गोष्ट कधीपासून वापरत होती. केळीच्या वखारीत धूर कोंडायचा आणि आंब्यांची गवतात आढी घालायची, या दोन्ही पद्धतींमागे हाच वायू आहे. अर्धवट जळणाऱ्या पेंढ्याच्या धुरात थोडे इथिलीन असते आणि आढीत आंब्यांचे स्वतःचे इथिलीन बाहेर निसटत नाही.

केळ्याच्या बाबतीत आणखी एक भर पडते. इथिलीनचा इशारा मिळाला की केळे स्वतःच इथिलीन बनवू लागते, आणि जितके बनवते तितकी बनवण्याची गती वाढत जाते. पेशीत मेथिओनीन नावाच्या अमिनो आम्लापासून टप्प्याटप्प्याने हा वायू तयार होतो. त्यातला कळीचा मधला पदार्थ १९७९ मध्ये शांग फा यांग आणि त्यांचे सहकारी यांनी ओळखला. शेवटच्या टप्प्याला ऑक्सिजन लागतो, आणि तो मधला पदार्थ बनवणारी यंत्रणा इथिलीनमुळेच जोरात चालू होते. म्हणून केळ्याचे पिकणे हळूहळू चढत नाही. बरेच दिवस काहीच घडत नाही आणि मग एक-दोन दिवसांत सगळे घडते. सीताफळ, पपई, आंबा, टोमॅटो याच जातीचे. द्राक्षे आणि मोसंबी या जातीची नाहीत, म्हणून ती तोडल्यावर गोड होत नाहीत.

हा वायू लागतो तरी किती? दहा लाख भाग हवेत एक भाग, किंवा त्याहूनही कमी. मोजमापे अशी आहेत : २० अंश सेल्सिअसला हिरवे केळे किलोमागे ताशी मिलिलिटरच्या हजाराव्या भागाचा सुमारे बारावा हिस्सा इतके इथिलीन सोडते, पिकते केळे याच तापमानाला किलोमागे ताशी मिलिलिटरच्या हजाराव्या भागाच्या दहापटीपर्यंत सोडते. म्हणजे शंभरपटीहून जास्त. याचा हिशेब मांडला तर घरच्या टोपलीतले कोडे सुटते. एकटे पिकलेले सव्वाशे-दीडशे ग्रॅमचे केळे तेरा किलो हिरव्या केळ्यांच्या अख्ख्या खोक्यापेक्षा जास्त इथिलीन सोडू शकते. पिशवीत दहा लिटर मोकळी हवा धरली तर त्या एका केळ्याने सात-आठ तासांत ती हवा बाकीच्यांना इशारा देण्याइतकी भारते. पॅकिंग करताना एखादी चिरलेली, दबलेली किंवा आधीच पिवळसर झालेली फणी खोक्यात जाऊ नये यासाठी जी डोळ्यांत तेल घालून निवड होते ती दिसण्यासाठी नसते. जखम झालेले फळसुद्धा जास्त इथिलीन सोडते.

सातही इलेक्ट्रॉन गहाण

आता पुडीतल्या जांभळ्या दाण्याकडे. पोटॅशियम परमँगनेट हे क्षार आहे, म्हणजे धनभारित पोटॅशियम आणि ऋणभारित परमँगनेट यांची जोडी. परमँगनेटच्या मध्यभागी मँगनीजचा एक अणू आणि त्याच्या चारही बाजूंना ऑक्सिजन. मँगनीजच्या अणूकडे देवाणघेवाणीत वापरता येतील असे सात इलेक्ट्रॉन असतात. परमँगनेटमध्ये ते सातही ऑक्सिजनच्या हवाली झालेले असतात, निदान रसायनशास्त्राच्या वहीखात्यात तसे लिहितात. शेत, बैल, घर, भांडी, सगळे सावकाराकडे गहाण पडलेल्या माणसाला जो भेटेल त्याच्याकडून काहीतरी मिळवायची घाई असते. या मँगनीजची अवस्था तशी असते. ज्या पदार्थाचे इलेक्ट्रॉन सैल असतील त्याच्याकडून ते ओढून घ्यायचे, एवढे एकच काम त्याला येते. इलेक्ट्रॉन ओढून घेण्याला ऑक्सिडीकरण म्हणतात आणि ओढणाऱ्याला ऑक्सिडक. परमँगनेट हे हाताळायला सोप्या ऑक्सिडकांतले सर्वांत जोरकस असे एक आहे.

त्याचा गडद जांभळा रंगही याच ओढीचा परिणाम. प्रकाश पडला की ऑक्सिजनकडचा एक इलेक्ट्रॉन क्षणभर मँगनीजकडे सरकतो. त्यासाठी लागणारी ऊर्जा हिरव्या-पिवळ्या प्रकाशातून घेतली जाते. तो प्रकाश शोषला गेला की उरलेला निळा आणि लाल मिळून आपल्याला जांभळे दिसते. हे शोषण इतके प्रबळ असते की चिमूटभर परमँगनेट बादलीभर पाणी रंगवते. मँगनीजला तीन इलेक्ट्रॉन मिळाले की त्याची नड बरीच भागते आणि मँगनीज डायऑक्साइड तयार होतो. तो तपकिरी-काळा आणि पाण्यात न विरघळणारा असतो. बोटांवरचे तपकिरी डाग त्याचेच : त्वचेतल्या प्रथिनांचे इलेक्ट्रॉन ओढून परमँगनेटने तिथेच बैठक मारलेली असते.

इथिलीन हे परमँगनेटसाठी सोपे भक्ष्य. त्याच्या दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध असतो, आणि त्यातल्या दुसऱ्या बंधाचे इलेक्ट्रॉन कार्बनांच्या मधोमध घट्ट बसलेले नसतात. ते रेणूच्या वर-खाली उघडे पसरलेले असतात. बारावीच्या विज्ञान शाखेत दुहेरी बंध ओळखण्याची बेयर चाचणी करतात, ती याच आधारावर. थंड, पातळ परमँगनेटमध्ये असा पदार्थ घातला की जांभळा रंग जातो आणि तपकिरी गाळ बसतो. पुडीतही हीच चाचणी दिवसरात्र चालू असते. पहिल्या टप्प्यात इथिलीनच्या दोन्ही कार्बनांवर ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बसते आणि इथिलीन ग्लायकॉल तयार होते. परमँगनेट तेवढ्यावर थांबत नाही. ग्लायकॉलचेही इलेक्ट्रॉन ते ओढते आणि पुरेसे शिल्लक असेल तर शेवटी कार्बन डायऑक्साइडपर्यंत नेऊन सोडते. इथिलीनचे तीन रेणू असे पूर्ण संपवायला परमँगनेटचे बारा रेणू खर्ची पडतात.

परमँगनेटचा उगमही मँगनीज डायऑक्साइडच आहे. भंडारा जिल्ह्यातली डोंगरी बुजुर्ग ही खाण मँगनीज डायऑक्साइडच्या खनिजासाठी प्रसिद्ध आहे. अशा खनिजाची पूड कॉस्टिक पोटॅशबरोबर हवेत तापवली की हिरवे मँगनेट मिळते, आणि त्यातून वीज सोडून आणखी एक इलेक्ट्रॉन काढला की जांभळे परमँगनेट. कारखान्यात उष्णता आणि वीज खर्चून मँगनीजकडून जे काढून घेतलेले असते ते तो पुडीत बसून इथिलीनकडून परत मिळवतो. पुडीची ताकद ही त्या विजेची साठवण आहे, म्हणून ती मर्यादितही आहे. एकदा दाणा तपकिरी झाला की तो संपला.

निवड कागद करतो

नुसते परमँगनेटचे स्फटिक पुडीत भरत नाहीत. त्याची दोन कारणे. इथिलीनची गाठ फक्त पृष्ठभागावरच्या रेणूंशी पडते. बाहेर तपकिरी थर साचला की आतले जांभळे तसेच अडकून राहते. शिवाय शुद्ध स्फटिक धोकादायक असतात. त्यांच्यावर ग्लिसरिनचे थेंब पडले तर थोड्याच वेळात आपोआप जाळ होतो. साखर, भुसा, तेलकट चिंधी यांच्या संगतीतही ते ठेवू नयेत. म्हणून अॅल्युमिना, सिलिका, झिओलाइट, व्हर्मिक्युलाइट अशा सच्छिद्र खनिज दाण्यांना परमँगनेटच्या द्रावणात भिजवून वाळवतात. दाण्याच्या वजनात परमँगनेट साधारण चार ते सहा टक्के असते. दाण्याच्या आतल्या असंख्य छिद्रांच्या भिंतींवर पसरल्यामुळे थोडे परमँगनेट भरपूर हवेच्या संपर्कात येते, आणि खनिज स्वतः जळणारे नसल्याने आगीची भीती उरत नाही.

आणि मग ती पुडी. तिचा कागद किंवा न विणलेले कापड असे असते की वायू आणि वाफ आरपार जातात, दाणे आणि त्यांची धूळ जात नाही. परमँगनेट हे क्षार असल्याने त्याची वाफ होत नाही. वास घेतला तरी नाकात परमँगनेट जात नाही. म्हणजे कागदाच्या या भिंतीतून केळ्याकडून पुडीकडे इथिलीन जाते, पुडीकडून केळ्याकडे परमँगनेट येऊ शकत नाही. हीच सगळी युक्ती आहे. दाण्याला इथिलीन आणि साल यांतला फरक कळत नाही. साल समोर आली असती तर त्याने तीही जाळली असती. कागदामुळे फक्त वायू समोर येतात, आणि केळ्याच्या पिशवीतल्या वायूंत ज्याचे इलेक्ट्रॉन सहज सुटतील असे मुख्यतः इथिलीनच असते. थोडे इतर सुगंधी पदार्थही त्यात खपतात, पण हिरव्या केळ्याला सुगंध असतोच किती!

पिशवीत ओलावा लागतो, कारण ही क्रिया दाण्यावरच्या पाण्याच्या पातळ थरात चालते. केळ्याच्या बंद पिशवीत ओलाव्याची कमतरता नसते. उलट जास्तीची भीती असते : पिशवीत पाणी साचून पुडी भिजली तर जांभळे पाणी झिरपते, सालीवर तपकिरी डाग पडतात आणि तो माल बाजूला काढावा लागतो. म्हणून धुतलेल्या फण्या नीट निथळल्याशिवाय खोक्यात घालायच्या नसतात.

चौकट : एका खोक्याचा हिशेब

खोके १३ किलोचे, पुडी ५ ग्रॅमची आणि तिच्यात ५ टक्के परमँगनेट, असे धरू. म्हणजे परमँगनेट पाव ग्रॅम. इथिलीन पूर्ण जाळायचे तर एवढ्या परमँगनेटची क्षमता साधारण साडेनऊ मिलिलिटर. खोक्यातली सगळी केळी हिरवी असतील तर २० अंशांना त्यांतून दिवसाला सुमारे ०.०२५ मिलिलिटर इथिलीन निघते. कागदावर ही पुडी वर्षभर पुरेल. सगळी केळी पिकू लागली तर दिवसाला ३ मिलिलिटरच्या आसपास. पुडी तीन दिवसांत संपेल, आणि त्या तीन दिवसांतही हवा स्वच्छ राहणार नाही, कारण इथिलीन पुडीपर्यंत पोहोचण्याआधी शेजारच्या केळ्यापर्यंत पोहोचलेले असेल.

पिकू लागलेल्याला पुडी थांबवत नाही

या हिशेबातून निघणारी गोष्ट पुडीच्या जाहिरातीत सहसा नसते. पुडी उपयोगी आहे ती केळ्याने पिकायला सुरुवात करण्यापूर्वी. एकदा केळ्याच्या पेशींत इथिलीन बनू लागले की ते आधी त्याच पेशींना इशारा देते आणि मग सालीतून बाहेर पडते. पुडी बाहेरची हवा साफ करते. फळाच्या आतला वायू तिच्या हातचा नाही. म्हणून पिवळसर छटा आलेल्या घडासोबत चार पुड्या घातल्या तरी पैसे वायाच. उलट, योग्य वेळी कापलेली, पूर्ण न भरलेली केळी असतील तर पुडीने मिळणारा वेळ खरा असतो. १९७० मध्ये ऑस्ट्रेलियात स्कॉट, मॅकग्लॅसन आणि रॉबर्ट्स यांनी बंद पॉलिथिन पिशवीत परमँगनेट ठेवून केळ्यांवर प्रयोग केले. नुसत्या बंद पिशवीनेही पिकणे लांबते, कारण आत ऑक्सिजन घटतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. पण परमँगनेट असलेल्या पिशवीत ते आणखी लांबले. आजच्या पुड्या त्याच कामाच्या वंशातल्या आहेत.

यावर एक रास्त आक्षेप येतो. खोके वातानुकूलित कंटेनरमध्ये १३ ते १४ अंशांवर जात असेल तर पुडीची गरज काय? थंडीने इथिलीनची निर्मितीही मंदावते आणि केळ्याचा प्रतिसादही, आणि कंटेनरची हवा बदलत राहिली तर साठलेले इथिलीन बाहेर जाते. आक्षेप बरोबर आहे. बागेजवळच्या पॅकहाउसपासून ते परदेशातल्या वखारीपर्यंत थंडीची साखळी कुठेच तुटली नाही, तर पुडीची भर थोडीच. पण केळ्याला हवे तेवढे थंड करता येत नाही. १३ अंशांच्या खाली गेले की सालीच्या पेशी दुखावतात, साल राखाडी पडते आणि ते केळे नंतर नीट पिवळे होत नाही. सफरचंद शून्याजवळ ठेवता येते, तिथे थंडी एकटी पुरते. केळ्याला ती मुभा नाही. आणि साखळी तुटतेच. बागेतून पॅकहाउसपर्यंतचा प्रवास उन्हात, पूर्वशीतकरणाला लागणारा वेळ, बंदराच्या रांगेतले थांबणे, वीज जाणे. त्या तासांत हवेतले इथिलीन वाढू न देणे ही पुडीची जबाबदारी. दुसरा पर्याय म्हणजे केळ्याची इथिलीन ओळखण्याची जागाच अडवून टाकणारा १-मिथिलसायक्लोप्रोपीन हा वायू. तो परमँगनेटपेक्षा कितीतरी प्रभावी आहे, पण केळ्याच्या बाबतीत मात्रा जरा चुकली तर फण्या एकसारख्या पिकत नाहीत; काही पिवळ्या, काही हिरव्या. पुडीचा दुबळेपणा इथे फायद्याचा ठरतो : ती काढली की केळे पूर्ववत इशारा ऐकायला मोकळे.

फळात रसायन?

दुसरा आक्षेप ग्राहकाचा, आणि त्याला इतिहास आहे. कार्बाइडने पिकवलेल्या फळांची भीती लोकांच्या मनात बसली आहे ती उगाच नाही. कॅल्शियम कार्बाइड ओलाव्याने फुटते आणि ॲसिटिलीन वायू देते. ॲसिटिलीन इथिलीनची नक्कल करते, पण कच्ची नक्कल, म्हणून ते भरपूर लागते; आणि बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असतात. फळे पिकवण्यासाठी त्याच्या वापरावर अन्न सुरक्षा कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनी बंदी आहे. त्याच व्यवस्थेने इथिलीन वायू मात्र दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत वापरायला परवानगी दिली आहे, कारण तो फळाचाच स्वतःचा वायू. खानदेशातली बरीच केळी शेवटी पिकवण्याच्या वखारींत, १६ ते १८ अंशांवर, एखादा दिवस इथिलीन देऊन पिकवतात.

मग एकाच केळ्याला आधी इथिलीनपासून वाचवायचे आणि नंतर विकत आणून इथिलीन द्यायचे, हा विरोधाभास नव्हे का? नाही. व्यापाऱ्याला पिकणे नको असते ते वाटेत. मुक्कामी पोहोचल्यावर मात्र सगळे खोके एकाच दिवशी, एकाच छटेचे पिकायला हवे असते. पुडी आणि वखार या एकाच कामाच्या दोन बाजू आहेत. परमँगनेटविषयी विचारायचा प्रश्न असा, की ते फळाच्या संपर्कात येते का? फाटकी किंवा भिजलेली पुडी असेल तर येते, आणि असे खोके नाकारण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे. पुडी कोरडी आणि शाबूत असेल तर भीतीला आधार नाही. लहान मुलांच्या हाती मात्र ती लागू देऊ नये. गिळलेले परमँगनेट तोंडाची आणि अन्ननलिकेची आतली त्वचा भाजते.

भिंत नसली की काय होते

कागदाची भिंत किती मोलाची आहे ते, ती नसलेल्या ठिकाणी बघावे. १८९० च्या दशकात आग्र्याला सरकारी जंतुशास्त्रज्ञ असलेले अर्नेस्ट हँकिन यांनी पटकीच्या साथीत विहिरींत परमँगनेट टाकण्याचा आग्रह धरला, आणि गुलाबी पाण्याच्या विहिरी देशभर दिसू लागल्या. कल्पना चूक नव्हती. परमँगनेट जंतूंची आवरणे जाळते. पण विहिरीत पालापाचोळा, चिखल, शेवाळ, विरघळलेले लोह हे सगळे जंतूंच्या आधी परमँगनेटच्या वाटेत येते. जंतूपर्यंत पोहोचण्याआधीच बराचसा साठा या सर्वांवर खर्च होतो. गुलाबी रंग काही तास टिकला तरच थोडेफार शिल्लक आहे असे समजायचे, आणि किती टाकायचे हे प्रत्येक विहिरीच्या घाणीवर अवलंबून. क्लोरीनही बेनिवडच असते, पण कमी वेळात जंतू मारते, मोजायला सोपे असते आणि वाजवी मात्रेत पाणी रंगवत नाही. म्हणून आज ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत किंवा टाकीत परमँगनेट न टाकता क्लोरीन देणारी टीसीएल पावडर टाकतो.

सर्पदंशाची गोष्ट अधिक वाईट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर लॉडर ब्रंटन यांच्या सूचनेवरून पोकळ मुठीत परमँगनेटचे स्फटिक ठेवलेली छोटी सुरी तयार झाली. दंशाची जागा कापायची आणि जखमेत स्फटिक चोळायचे. परीक्षानळीत परमँगनेट सापाचे विष निकामी करते, यात शंका नाही. विष म्हणजे प्रथिनेच. पण जखमेत विषाआधी मांस असते, रक्त असते, आणि तेही प्रथिनांचेच. विष तोवर पुढे सरकलेले असते आणि परमँगनेट रुग्णाचेच शरीर जाळत बसते. हा उपाय आता पूर्ण सोडून दिला आहे. सर्पदंशाला प्रतिविष आणि दवाखाना, दुसरे काही नाही.

खानदेशात पुडी कुठे घालावी

यावरून आपल्याकडे पुडीचा हिशेब सरळ मांडता येतो. तापीकाठच्या रावेर-यावलपासून धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरपर्यंत केळीचा बराच माल अजूनही सुट्ट्या घडांचा, केळीच्या पानांत रचून ट्रकमधून किंवा सावदा, निंभोरा, रावेर अशा स्टेशनांवरून रेल्वेने उत्तरेकडे जातो. उघड्या ट्रकमध्ये पुडी ठेवणे म्हणजे वाऱ्यातले इथिलीन गोळा करायला बसणे. तिचा काहीही उपयोग नाही, आणि वारा ते काम फुकट करतोच. अशा मालाला सावली, रात्रीची भरणी आणि घड न आपटणे यांतून जास्त मिळते. एप्रिल-मे मध्ये तापमान चव्वेचाळीसच्या पुढे जाते तेव्हा आणखी एक खोड निघते : ग्रँड नैनसारख्या जातीच्या केळ्याचा गर फार उष्णतेत मऊ होतो, पण सालीतले हरितद्रव्य नीट मोडत नाही. बाहेरून हिरवे, आतून पिकलेले. असे केळे पुडीच्या खोक्यात गेले तर ते डोळ्यांना कच्चेच दिसते आणि आतून इथिलीन सोडत राहते. पुडी तिथे हरणार हे आधीच ठरलेले.

पुडीची जागा आहे ती पिशवीबंद खोक्यात, पूर्वशीतकरण झालेल्या, एकसारख्या भरणीच्या मालासोबत. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या जळगाव केळीपैकी २२ टन माल २०२१ च्या जूनमध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांकडून दुबईला गेला. दूरच्या बाजाराचा असा माल वाढेल तसा पुडीचा प्रश्न अधिक शेतकऱ्यांसमोर येईल. घेताना रंग बघावा. पुडी हवाबंद आवरणातून काढताक्षणी दाणे गडद जांभळे असायला हवेत. आवरण उघडल्या क्षणापासून पुडी पॅकहाउसच्या हवेतलेच इथिलीन, डिझेलच्या धुरातलेसुद्धा, खायला लागते. सकाळी फोडलेल्या पाकिटातल्या पुड्या दुपारपर्यंत टेबलावर पडून राहिल्या तर त्यांतला काही भाग खोक्यात जाण्याआधीच तपकिरी झालेला असू शकतो. म्हणून मोठे पाकीट एकदम फोडू नये, खोके बंद करतानाच पुडी घालावी, आणि पिशवीचे तोंड त्याच वेळी बांधावे.